भिंतीवरची गोधडी

गोधड्यांचे प्रदर्शन ही आता शहरांतून अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर, वरून मंद प्रकाशाचा झोत सोडून, एखाद्या तैलचित्राच्या इतमामाने गोधडी टांगलेली असते आणि तिच्या शेजारी ‘कृपया हात लावू नये’ अशी सूचना असते. सूचना बहुतेक जण पाळतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या प्रेक्षकांचा हात नकळत पुढे होतोच. कापडाच्या थरांत बोटे दाबून जाडी अजमावण्याची, टाका घट्ट आहे की सैल हे चाचपण्याची, उलटी बाजू पाहण्याची त्यांची सवय सुटत नाही. तरुण प्रेक्षक मात्र चार पावले मागे सरकतो आणि रंगांची मांडणी न्याहाळतो. दोघेही एकाच वस्तूकडे पाहत असतात. परंतु एकाला ती अंथरूण म्हणून ठाऊक आहे, तर दुसऱ्याला तिची पहिली ओळख चित्र म्हणून होत आहे. भिंतीवर जाऊन गोधडीला काय मिळाले आणि जिने ती शिवली तिला काय मिळाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची चर्चा प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणांतून पुष्कळ होते. दुसरा प्रश्न चहापानाच्या आत आटोपतो.

गोधडी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. तथापि मिंक ब्लँकेटच्या उबेत वाढलेली एक पिढी आता महाविद्यालयात पोहोचली आहे, तेव्हा थोडे सांगावे हे बरे. दक्षिण महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, तीच इतरत्र गोधडी. तान्ह्या मुलासाठी शिवलेले तिचे धाकटे रूप म्हणजे दुपटे. जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी यांचे थर एकावर एक पसरावयाचे, वरच्या थराला जागोजाग रंगीत तुकडे जोडावयाचे आणि सारे धावदोऱ्याने एकत्र बांधावयाचे, एवढीच तिची कृती. पुष्कळ ठिकाणी शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनांत फिरत फिरत मध्याकडे जाते; त्यामुळे टाक्यांच्या रेषा पाण्यावरच्या तरंगांसारख्या आत आत जाताना दिसतात. शेवटचा चौकोन मिटण्यापूर्वी त्यात भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा घालण्याची रीत काही घरांत सांगतात. गोधडीचे पोट उपाशी राहू नये, हे तिचे कारण. ज्या घरांतून ही कल्पना निघाली त्या घरांत पोट उपाशी राहणे ही काही काव्यकल्पना नव्हती.

कापडाचा हिशेब हा गोधडीचा खरा पाया होय. नऊवारी लुगडे आधी सणाला नेसले जाई, मग रोजच्या वापरात येई, मग त्याच्या धड राहिलेल्या भागातून परकर, झबले, कुंची निघे. उरलेले गोधडीत जाई आणि गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई. कापडाला एवढे लांब आयुष्य देणारी दुसरी व्यवस्था क्वचितच सापडेल. पुनर्वापराचे धडे देणारे आजचे फलक पाहून त्या बायकांना हसूच आले असते, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. या व्यवस्थेत सुती कापड हा कळीचा घटक होता. वापराने मऊ होणे, घाम शोषणे, सुई सहज आत घेणे हे सुताचे गुण. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घराघरांत शिरल्या, त्या टिकल्या, चुरगळल्या नाहीत, लवकर वाळल्या. पण त्या गोधडीच्या कामी फारशा आल्या नाहीत. थरावर थर बसेना, तो निसटू लागला. गोधडी मागे पडली याचे खापर बायकांच्या आळसावर किंवा नव्या सुनांच्या शहरी आवडींवर फोडणाऱ्यांनी आधी कपाटातील साड्यांचे पोत तपासावेत.

आता सौंदर्याकडे वळावे. गोधडीची स्तुती करताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘या बायकांना आपण कला निर्माण करीत आहोत हे ठाऊकही नव्हते.’ स्तुतीच्या रूपातला हा अपमान आहे. लाल खणाचा शेवटचा तुकडा कोपऱ्यात लावायचा की मध्यभागी, निळ्याच्या शेजारी पिवळा ठेवायचा की पांढऱ्याची पट्टी घालून दोघांना वेगळे करायचे, हा निर्णय आपोआप होत नसतो. कापड कमी असते म्हणून तो अधिक कठीण होतो. चित्रकाराला रंग संपला तर तो नवी नळी आणू शकतो. गोधडी शिवणारीला थोरल्या जावेचे लुगडे फाटेपर्यंत थांबावे लागते. या साऱ्या निवडीला ‘कला’ हा शब्द तिने वापरला नसेल. शेजारणीने मात्र तिची वाकळ उलगडून पाहिली असेल आणि मान हलवली असेल. त्या मान हलवण्यात समीक्षा होती.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानवट मुलखात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रियांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून त्या जंगलांत गेले. त्यांच्या बोलीत कोंकणी, मराठी आणि कानडी यांची सरमिसळ आहे. त्यांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. तीही कडेपासून मध्याकडे शिवली जाते. आणि पूर्ण झाल्यावर तिच्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान लहान ‘फुले’ लावली जातात. या फुलांनी ऊब वाढत नाही, बळकटीही येत नाही. तरीही फुलांवाचून कवंदी उघडीवाघडी दिसते असे त्या मानतात. पोटाला पुरेसे नसताना कोपऱ्याला फूल लावण्याचा हा आग्रह ज्याच्या ध्यानात येईल, तो सौंदर्य ही सुस्थितीतल्या माणसांची चैन आहे असे पुन्हा म्हणणार नाही.

भिंतीवर टांगण्याची प्रथा मात्र येथली नव्हे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली अमेरिकन गोधड्यांचे एक प्रदर्शन भरविले. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघा संग्राहकांनी जमविलेल्या या गोधड्या पलंगावरून उचलून थेट भिंतीवर, चित्रांसारख्या लावण्यात आल्या. त्या आधुनिक अमूर्त चित्रांसारख्या दिसतात म्हणून त्यांचे कौतुक झाले. कौतुकाचा हा क्रम जरा विचित्रच होता. त्यांतील कित्येक गोधड्या ज्या चित्रकारांशी त्यांची तुलना होत होती त्यांच्या जन्माआधीच्या होत्या. तेव्हा साम्य शोधायचेच तर चित्रे गोधड्यांसारखी आहेत असे म्हणावयास हवे होते. पुढे स्त्रीवादी लेखिकांनी आणखी एक बोट ठेवले. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. गोधडीखाली तिच्या मालकाचे होते. शिवणारी कोण, याची नोंद ठेवण्याची आवश्यकता फारशी कोणाला वाटली नव्हती.

त्यानंतर तीस वर्षांनी त्याच संग्रहालयात अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्याच्या गोधड्या आल्या. अलाबामा नदीच्या एका वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले हे गाव. तेथील कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज आजही तेथे राहतात आणि त्यांतील पुष्कळांचे आडनाव, जुन्या मळेमालकाचे म्हणून, पेटवे असेच आहे. १९६२ साली गावातील कृष्णवर्णीय मंडळी मतदार म्हणून नाव नोंदविण्यास पलीकडच्या तीरावर जाऊ लागली तेव्हा तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावयास २००६ साल उजाडले. या कोंडलेल्या गावातील बायका जुन्या कामाच्या कपड्यांतून, फाटक्या जीन्समधून, पोत्यांतून गोधड्या शिवीत. मिसूरी पेटवे या स्त्रीचा पती वारला तेव्हा, १९४२ साली, तिने त्याच्या शेतात घालावयाच्या कपड्यांची गोधडी केली आणि मुलीला मदतीला बसविले. गुडघ्यावर विटलेला निळा रंग, खिसा उसवून काढल्याची गडद खूण, हे सारे त्या गोधडीत जसेच्या तसे आहे. जे अंगावर होते तेच अंगावर पांघरण्यासाठी तिने ते जोडले. शोक करण्याची ही पद्धत मराठी घरांनाही परकी नाही. वारलेल्या सासूचे लुगडे नातवाच्या दुपट्यात घालणाऱ्या सुना येथेही आहेत.

जीज बेंडच्या गोधड्या २००२ साली आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कला प्रदर्शित झाल्या. या वेळी नावे होती, छायाचित्रे होती, आठवणी नोंदविलेल्या होत्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. एखाद्या खेड्याच्या वाट्याला याहून मोठा गौरव कोणता यावा? परंतु लगेच पुढच्या वर्षी त्यांपैकी काही स्त्रियांनी, आपल्या कामाचा आणि त्याच्या नकलांचा योग्य मोबदला मिळाला नाही अशी तक्रार घेऊन न्यायालय गाठले. २००८ मध्ये ते खटले मिटले. त्यात दोष कोणाचा हा मुद्दा येथे गौण आहे. लक्षात घेण्याजोगे एवढेच की नाव मिळाले म्हणजे दाम मिळतोच असे नाही, आणि गोधडीवरील नक्षी पायपुसण्यावर, चहाच्या कपावर, टपालाच्या तिकिटावर जाऊ लागली की तिच्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न उभा राहतोच. याच परिसरात १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीतून, स्त्रियांनी आपली सहकारी संस्था काढली होती. त्या संस्थेच्या गोधड्या न्यूयॉर्कमध्ये विकल्या गेल्या. पण मोठ्या दुकानांना हव्या होत्या त्या एकसारख्या वस्तू. एकीची गोधडी दुसरीसारखी नसणे हा जिचा प्राण, त्या कलेला बाजाराने उशांचे शेकडो सारखे अभ्रे शिवावयास बसविले. पोटाची सोय झाली हेही खरे, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही हेही खरे.

बंगालचा अनुभव याहून जवळचा आहे. तेथील काँथा आणि मराठी गोधडी या सख्ख्या बहिणी. संन्याशाच्या ठिगळांच्या वस्त्राला संस्कृतात जो ‘कंथा’ शब्द आहे त्याच्याशी तिचे नाव जुळते. जुन्या साडीच्या किनारीतून रंगीत दोरा ओढून काढावयाचा आणि त्यानेच साडीच्या थरांवर कमळे, हत्ती, पालख्या, देवदेवता भरावयाच्या. सनदी अधिकारी असलेल्या गुरुसदय दत्त यांनी नोकरीच्या निमित्ताने खेडोपाडी फिरताना अशा काँथा जमविल्या. कोलकात्याजवळ जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. त्यांत एकोणिसाव्या शतकातील एक काँथा मानदासुंदरी दासी हिने केलेली आहे. तिने आपले नाव सुईदोऱ्याने त्या कापडावर लिहून ठेवले आणि ती काँथा आपल्या वडिलांना अर्पण केली. संग्रहालयाच्या चिठ्ठीची वाट न पाहता नाव स्वतःच शिवून टाकणारी ही बाई. कवी जसीमउद्दीन यांच्या १९२९ सालच्या ‘नक्शी काँथार माठ’ या कथाकाव्यातील नायिकाही आपले सारे दुःख काँथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरावी असे सांगून जाते. २००८ साली पश्चिम बंगालच्या नक्शी काँथेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आज काँथेचा टाका नव्याकोऱ्या रेशमी साडीवर बसतो आणि त्या साडीला भाव येतो. टाका घालणारीला मात्र बहुधा नगावर मजुरी मिळते. जिथे जुने कापड घरातले होते, नक्षी मनातली होती आणि वेळ स्वतःचा होता, तिथे आता कापड व्यापाऱ्याचे, नक्षी छापून आलेली आणि वेळ मुदतीने बांधलेला.

महाराष्ट्रातही हे वळण दूर नाही. काही स्वयंसेवी संस्था आणि बचत गट गोधड्या शिवून विकू लागले आहेत, शहरी दुकानांतून त्या ‘हस्तकला’ या सदरात मांडल्या जातात, आणि मांडलेल्या गोधडीची किंमत वाचून प्रेक्षकाची भुवई वर जाते. ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ हा उद्गार प्रदर्शनांतून सर्रास ऐकू येतो. तेव्हा जरा बेरीज-वजाबाकी करून पाहावी. २०२४-२५ या वर्षी राष्ट्रीय रोजगार हमी योजनेवर महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. हा दर माती खणण्याचा, अकुशल कामाचा. दाट टाक्यांची मोठी गोधडी हाताने शिवावयास पंधरा दिवस लागतात असे धरले, तर माती खणण्याच्या दरानेही तिची नुसती मजुरी ४४५५ रुपये होते. कापड, दोरा, वाहतूक, दुकानाचे भाडे हे त्यानंतर. आणि हाताच्या कौशल्याचे मोल अजून यात धरलेलेच नाही. ज्या दुकानात अशी गोधडी याच्या निम्म्या किमतीत मिळते, तेथे उरलेले पैसे कोणी भरले याचा विचार ग्राहकाने करावयास हवा. ते शिवणारीने भरलेले असतात.

एवढी रक्कम शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या संसाराला एका पांघरुणापायी परवडणारी नाही, हा आक्षेप खरा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. येथे अंथरुणाचीच किंमत पायांना पेलत नाही. पण मध्यमवर्गीय घराचा गोधडीशी संबंध दुकानातूनच येतो असे नाही. काही वस्त्यांतून अजूनही गोधड्या शिवून देणाऱ्या बाया दारावर येतात. घरातील जुन्या साड्या, चादरी त्यांच्या स्वाधीन करावयाच्या, त्या अंगणात किंवा जिन्याखालच्या जागेत बसून गोधडी शिवून देतात. त्यांच्याशी पन्नास-शंभर रुपयांवरून होणारी घासाघीस ज्यांनी ऐकली असेल, त्यांना कलादालनातील त्याच घराचे कौतुकोद्गार थोडे पोकळ वाटल्यावाचून राहणार नाहीत. रविवारी सकाळी दारातल्या बाईला ‘फार सांगतेस’ म्हणावयाचे आणि संध्याकाळी प्रदर्शनाच्या अभिप्राय-वहीत ‘अप्रतिम!’ असे लिहावयाचे, यात काही विसंगती आहे हेदेखील पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा धोका भाबडेपणाचा. ‘आजीच्या मायेची ऊब’ या शब्दांनी गोधडीवरील इतके लेख सुरू होतात की ती ऊब आता शिळी झाली आहे. एका वाकळेखाली पाच भावंडांनी झोपण्याच्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत, त्यांना ऊब आठवते तशी ओढाताणही आठवते. कडेला झोपलेल्याची उघडी पडणारी पाठ आठवते, ढेकूण आठवतात, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीचा कुबट वास आठवतो. गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे, आणि ते वस्त्र त्यांनी कलाभिरुची म्हणून पांघरलेले नव्हते. भिजलेली गोधडी किती जड होते आणि ती नदीवर नेऊन धुण्याचे काम कोणाकडे असते, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिने हलके, चटकन वाळणारे ब्लँकेट पसंत केले तर तिला परंपरेच्या नावाने बोल लावण्यात अर्थ नाही. गोधडी ‘फावल्या वेळात’ शिवली जाई असे म्हणतात. स्वयंपाक, शेत, पाणी आणि मुले आटोपून दुपारी जो तास उरे, त्याला फावला वेळ म्हणणारा बहुधा पुरुष असावा. तिची थोरवी सांगताना या कष्टावर पडदा टाकणे म्हणजे गोधडीची फक्त वरची, ठिगळांची बाजू दाखविणे. सारे टाके ज्या बाजूला स्पष्ट दिसतात ती उलटी बाजू भिंतीकडे राहते.

मग करावे काय? सरकारने काही करावे ही अपेक्षा अशा वेळी ओघानेच येते. १९५२ साली स्थापन झालेल्या आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाने नावारूपाला आलेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाला केंद्र सरकारने २०२० मध्ये विसर्जित केले. कारागिरांचे म्हणणे सरकारच्या कानी घालणारे एक अधिकृत व्यासपीठ त्यामुळे गेले. ते परत यावे ही मागणी योग्यच आहे. परंतु गोधडी ही मुळात मंडळांच्या आणि निर्देशांकांच्या कक्षेबाहेरची गोष्ट. तिचा कारागीर म्हणून दाखला कोणी काढीत नाही. तेव्हा जी कामे छोट्या हातांनी होण्यासारखी आहेत, त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी मिळून वर्षभरात एक गोधडी शिवावी. मुलांनाही सुई धरता येते. गावातली जी बाई ती शिकवील तिला पाहुणी म्हणून नारळ देऊन बोळवू नये, शिकविण्याचे मानधन द्यावे. प्रदर्शन भरविणाऱ्यांनी किंमतीच्या चिठ्ठीवर मजुरीचा आकडा वेगळा छापावा.

आणि नोंदी ठेवाव्यात. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्री, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, तेव्हा या भंगाराचे काय करणार असे विचारणारे थोडे नसतील. कवी म्हणून ‘अज्ञातवासी’ हे टोपणनाव घेणाऱ्या या गृहस्थाने अज्ञात कारागिरांच्या हातच्या वस्तूंना एक संपूर्ण संग्रहालय मिळवून दिले. धातू आणि लाकूड टिकते, म्हणून ते जमविता आले. गोधडी मात्र वापरून संपण्यासाठीच शिवलेली असते. तिला पोतेरे होण्याआधी गाठावे लागते. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांनी, विशेषतः मराठी आणि समाजशास्त्राच्या विभागांनी, विद्यार्थ्यांना सुटीत गावोगाव पाठवून आपापल्या घरांतील गोधड्यांची नोंद करावयास लावली तर खर्च वहीपेन्सिलीचाच आहे. शिवणारीचे नाव, गाव, कोणते कापड कोणाच्या अंगावरचे, टाका कोणाकडून शिकली, इतके रकाने पुरेत. वर्षाच्या रकान्यात मात्र आकडा मिळण्याचा हट्ट धरू नये. ‘थोरलीच्या बाळंतपणाच्या वेळची’, ‘दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडायला जात होते तेव्हाची’, ‘हे गेले त्या वर्षीची’ अशी उत्तरे येतील. ती जशीच्या तशी उतरवून घ्यावीत.